फुरसतीवरचा कर

रविवारी सकाळी चहाच्या टेबलावर बापलेकांची जुंपली होती. अप्पा आयकर खात्यातून निवृत्त झालेले आणि त्यांचा मुलगा कर सल्लागार. एकाचा जन्म कर वसूल करण्यात गेला, दुसऱ्याचा तो वाचवण्यात चालला होता.

"ज्याच्याकडे जास्त, त्यानं जास्त द्यावं!" अप्पांनी टेबलावर मूठ आपटली.

"म्हणजे श्रीमंतांनी कमवायचं आणि तुम्ही पिळून घ्यायचं?" मुलगा ओरडला.

सूनबाई उभ्यानेच चहा पीत होत्या. आठवडाभर त्या औषधांच्या दुकानात उभ्या असत, रविवारी ओट्यापाशी. पण आज दुपारी त्यांचा बॅडमिंटनचा अंतिम सामना होता, आयुष्यातला पहिलाच! आणि सिंकमध्ये हा भांड्यांचा डोंगर.

"अप्पा, या घरात श्रीमंत कोण?" त्यांनी कप ठेवला. "ज्याच्याकडे फुरसत जास्त, तो. मग लावा की फुरसतीवर कर! भरायचा घरकाम करून."

अप्पांचे डोळे लकाकले. निवृत्तीनंतर प्रथमच कुणीतरी त्यांना कायदा करायला सांगत होतं. "मंजूर! फुरसत नाही त्याला कर माफ. जास्त फुरसत, जास्त काम. चला, विवरणं सादर करा!"

मुलाचं धंद्याचं डोकं लगेच चाललं. "पेपर वाचतो तो व्यवसायाचा खर्च. सकाळचं फिरणं, वैद्यकीय सूट. दुपारची झोप म्हणजे शरीराचा घसारा. वजा जाता शिल्लक शून्य."

"आणि तू गं?" अप्पांनी नातीला गाठलं.

"माझी सगळी फुरसत बाथरूममध्ये असते," आतून कडी लावत ती म्हणाली. "इथे तुमचा कायदा चालत नाही."

राहिले अप्पा. बिचाऱ्यांनी जन्मात काही लपवलं नव्हतं. त्यांनी दिवसभराची फुरसत जाहीर केली, स्वतःच्याच कायद्याने भांडी अंगावर ओढून घेतली आणि बाह्या सरसावल्या.

सूनबाई चक्क खुर्चीत बसल्या. सवयच नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत तेही त्यांना सुचेना.

एवढ्यात नवऱ्याचं लक्ष गेलं. "अप्पा, ही केव्हाची नुसती बसलीये! आता सगळ्यात श्रीमंत हीच!"

अप्पा फेसाळ हातांनी धावत आले. "खरंच की! आणि मी घामाघूम, म्हणजे मी गरीब! सूनबाई, नियम म्हणजे नियम. उरलेली भांडी, कपडे, फरशी, सगळं तुझ्याकडे!"

गेला सामना! सूनबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. श्रीमंत झाल्यावर काय करायचं असतं, हे शिकवणारा माणूस तर समोरच बसला होता.

त्यांनी रॅकेट उचलली. "खेळणं म्हणजे व्यायाम, वैद्यकीय सूट. सामन्याआधी बसले, तो पूर्वतयारीचा खर्च. जिंकले तर बक्षीस करमुक्त. आणि हरले, तर तोटा पुढच्या रविवारच्या हिशोबात ओढणार. तेव्हाही माझ्याकडून काही निघायचं नाही!"

"बिनतोड!" नवऱ्याने उठून टाळी वाजवली. इतकं चोख विवरण त्याच्या एकाही अशिलाचं नव्हतं.

सूनबाई जिना उतरून पळाल्यादेखील. बापलेक सिंककडे बघत उभे राहिले.

"अप्पा, सगळ्यांनीच अशी सूट घेतली, तर शेवटी कर भरतं कोण हो?"

अप्पांनी घासणी पुन्हा हातात घेतली.

"ज्याला पळता येत नाही, तो," ते म्हणाले आणि करपलेल्या पातेल्याला भिडले.