तळ्यातले ग्राहक

मी आता जे सांगणार आहे, त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. म्हणून तर सांगतोय. विश्वास बसण्यासारख्या गोष्टी काय, कुणीही सांगतं.

सूनबाई मटार सोलत बसली होती आणि शेजारचे निवृत्त मास्तर सोललेले दाणे खात होते. मी घसा खाकरून सुरुवात केली.

मी पीठ मळायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होतो, तेव्हाची गोष्ट. मुख्य कचेरीनं ठरवलं, की यापुढे प्रत्येक ग्राहक नकाशावरच्या कुठल्यातरी एका विक्रीक्षेत्रात बसलाच पाहिजे. काम कॉम्प्युटरकडे गेलं. ज्याचा पत्ता कळला, त्याला त्यानं जागेवर बसवलं. 'गिरणीमागे, निळं दार' असले पत्ते त्याला उमगेनात. पण एकालाही वाऱ्यावर सोडायचं नाही असा हुकूम होता. तेव्हा असे सगळे ग्राहक त्यानं उचलले आणि शहराच्या बरोबर मध्यबिंदूवर नेऊन ठेवले.

शहराच्या मध्यबिंदूवर तळं होतं.

आकडे आले, तर सर्वांत जास्त ग्राहक तळ्यात! साहेब गहिवरले. "इतकी वर्षं आपण बाजारात उगाच चपला झिजवल्या," म्हणाले. तातडीनं 'तलाव विक्रीक्षेत्र' स्थापन झालं आणि प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. मला पोहता येत नव्हतं. त्यामुळे मी ग्राहकांत फार मिसळणार नाही, ही जमेची बाजू धरली गेली.

कचेरीसमोरच एक बेकरी होती. निळं दार तिचंच. एका सकाळी बेकरीवाल्याचा फोन आला.

"अहो, यंत्र बंद पडलंय! दवाखान्याचे पाव आज गेले नाहीत, तर ठेका दुसऱ्याला जाईल. मेकॅनिक पाठवा ना!"

"पाठवतो की. तुम्ही आता कुठं आहात?"

"कुठं म्हणजे? खिडकीतून बघा! हात हलवतोय मी!"

बघितलं. कोपरापर्यंत कणीक लागलेला हात हलत होता. मी साहेबांना बोलावलं. साहेबांनी चष्मा पुसला, हाताकडे पाहिलं, मग नकाशाकडे पाहिलं.

"हा मनुष्य तळ्यात आहे."

"साहेब, समोर दिसतोय."

"खिडकीचं कोण धरतं? मेकॅनिक नोंदलेल्या ठिकाणीच जाईल. त्यांना म्हणावं, सहकार्य करा."

आता गरज बेकरीवाल्याची होती. त्यानं शिव्या घातल्या, यंत्र हातगाडीवर चढवलं, तळ्यावर नेलं, तराफ्यावर ठेवलं आणि वल्हवत मध्यभागी जाऊन उभा राहिला. मी मेकॅनिकला घेऊन होडीतून पोहोचलो. मेकॅनिकनं आधी खात्री करून घेतली. "आपण इथलेच ना?" बेकरीवाला दात खाऊन म्हणाला, "जन्मापासून!" मग यंत्र दुरुस्त झालं, तिथंच सुरू करून पाहिलं, आणि दवाखान्याला पाव वेळेवर गेले.

तराफ्यावर वीज कुठून आली, असं कुणीतरी विचारील म्हणून मी जरा थांबलो. कुणी विचारलं नाही.

मास्तरांनी मात्र गंभीरपणे चौकशी केली, "तराफा भाड्यानं मिळतो का हो? माझं गॅसचं कनेक्शन गेल्या वर्षापासून स्मशानात दाखवतायत. सिलिंडर घ्यायला तिथंच जातो मी. तळं परवडलं."

"बघू," मी म्हटलं आणि पुढे निघालो.

मग काय, काठावर रांग लागली. यंत्रं, मालक, मालकिणी, सगळे तराफ्यांवर. रहदारी इतकी वाढली, की तळ्याचं पूर्व तळं आणि पश्चिम तळं करावं लागलं. एक तराफा वाऱ्यानं पूर्वेला सरकला, तर त्या ग्राहकाला पश्चिमेकडून ना हरकत दाखला आणावा लागला. बदकांकडेही खरेदीची चौकशी झाली.

सूनबाई शांतपणे शेंगा मोडत होती. मास्तर मान डोलावत होते. इतकी हुकमी मान डोलावणारे श्रोते मिळाले, की सांगणाऱ्याचा तोल जातो. माझाही गेला.

"शेवटी," मी म्हटलं, "साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, की चूक आमची आहे. नकाशा दुरुस्त करतो."

शेंग सूनबाईच्या हातातच राहिली.

"बाबा, इतका वेळ एक शब्द बोलले नाही मी. पण थापेला काही मर्यादा?"