डबा आंघोळीला गेलाय

इथे परदेशात, या नोव्हाय गावात, विजयाकाकूंनी मला गाडी शिकवली. हे आधी सांगते, बाकीचं मागाहून. नवरा हॉटेलात तंदूर सांभाळतो, पोरगी शाळेत जाते आणि मी, नववीत शाळा सोडलेली वेंगुर्ल्याची बाई, अपार्टमेंटच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसायचे. काकू मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटल्या आणि दुसऱ्याच दिवशी किल्ली माझ्या हातात देऊन शेजारी बसल्या. मी घाबरून रडायला लागले, तर म्हणाल्या, "रड, पण ब्रेकवर पाय ठेवून रड."

त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बेसमेंटच्या बाथरूममध्ये शॉवर चालू होता. मी बाहेर ताटकळत उभी. काकू जिन्यावरून ओरडल्या, "अगं, वरची वापर. त्यात डबा आंघोळीला गेलाय."

मला वाटलं, एकटी राहते बिचारी, वय झालं.

पण डबा खरंच होता. फळीवर ठेवलेला, काळा, लाकडी, झाकणाचा, साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा. काकू जन्मभर भूल देणाऱ्या डॉक्टर. रिटायर झाल्यावर लोकांना झोपवायचं थांबलं आणि जपानी लाखेचे डबे बनवायचं खूळ लागलं. ही लाख आपल्या बांगड्यांची नव्हे. एका झाडाला चरे पाडून गोळा केलेला चीक. तो लाकडावर पातळ फासायचा, वाळला की पाणी लावून कोळशाने घासायचा, परत फासायचा. असं महिनोन्‌महिने. आणि गंमत म्हणजे हा चीक उन्हात वाळतच नाही, त्याला वाळायला दमट हवा लागते. उन्हात आमसुलं वाळवणाऱ्या घरातली मी, मला हे पचायला फार जड गेलं. इथे थंडीत हीटर लागला की हवा पापडासारखी कोरडी होते, म्हणून काकू बाथरूममध्ये वाफ करायच्या आणि डबा आत ठेवून दार लावायच्या.

त्या चिकाने त्यांच्या कोपरापर्यंत पुरळ. मी बघितल्याबरोबर ओळखलं, काजूच्या कारखान्यात आमचे हात असेच उतायचे. मी खोबरेल काढून चोपडायला घेतलं, तर काकू खूश. म्हणाल्या, हायाशी बाईसुद्धा तेलच लाव म्हणतात.

या हायाशी बाई म्हणजे काकूंच्या गुरू. नवऱ्याच्या मोटार कंपनीच्या नोकरीपायी जपानहून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. लाकूड घडवणारा वेगळा, कापड चिकटवून अस्तर देणारा वेगळा आणि शेवटचा हात फिरवणारा वेगळा. शेवटचा हात त्यांच्या वडिलांचा. काकू हे सगळं एकटीने करायच्या, म्हणून हायाशी बाई त्यांना 'अख्खा कारखाना' म्हणायच्या.

काकूंचा एकच वैरी, धूळ. ओल्या लाखेवर कण बसला की तो आत कायमचा. म्हणून त्या घरात नायलॉनचा रेनकोट घालून फिरायच्या. दिवाळीच्या फराळाला लोक आले तर शाल, स्वेटर आणि कुत्रा तिन्ही गोष्टी बाहेर ठेवायला लावायच्या. कोणी डब्याजवळ वाकलं की म्हणायच्या, "श्वास तिकडे सोड." पुढे ही सवय इतकी लागली की मी त्यांच्या ओट्यावर कणीक मळत असले तरी, "श्वास तिकडे." लाख लावायचा ब्रश बाईच्या केसांचा असतो हे कळल्यापासून मी त्यांच्याकडे घट्ट अंबाडा बांधूनच जाते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर काकू ड्राइव्ह करेनात. मग दर मंगळवारी मी त्यांना हायाशी बाईंकडे नेऊ लागले. तिथला प्रकार ठरलेला. हायाशी बाई हात धुवायच्या, अंगठी काढायच्या, डोळे मिटायच्या आणि झाकणावरून एक बोट फिरवायच्या. आम्ही दोघी दहावीच्या निकालाला बसल्यासारख्या. मग बोट थांबायचं. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण 'डस्ट' हा शब्द चांगला कळतो.

की झालं, पुन्हा घासा, पुन्हा लावा. पुढे चहा, गोड भाताचे गोळे आणि दोघींच्या संध्याकाळपर्यंत गप्पा.

मी मात्र आतून चरकायचे. एवढ्या रेनकोटातून धूळ येते कुठून? माझ्याच कपड्यांची असणार. काकूंना हे कळलं तर? या गावात मी हक्काने जाते असं एकच घर होतं. मी सगळे लोकरीचे कपडे सोडले, थंडीत कुडकुडत जायचे.

एका सोमवारी मी भाजी द्यायला खाली गेले. काकूंनी नुकताच शेवटचा हात दिला होता. झाकण विहिरीच्या पाण्यासारखं. काकूंनी रेनकोटच्या खिशातून लोकरीचा मोजा काढला, त्यावर जमलेल्या लोकरीचा एक बारीक बोंडा चिमटीत धरला आणि भाजीवर कोथिंबीर पेरावी तसा झाकणावर सोडला.

मी दारातच उभी.

"बघतेस काय?" त्या न दचकता म्हणाल्या. "हा पास झाला तर मंगळवारी जायचं कुठे?"

काका जाऊन वर्षं झाली. मुलगा जर्सी सिटीला. रविवारी व्हिडिओ कॉल करतो, तोही ट्रेनमधून उतरेपर्यंत.

मग बातमी आली की हायाशी बाईंचा मुलगा त्यांना विमानाने जायच्या अंतरावर, फ्रीमाँटला, स्वतःकडे, कायमचं नेणार. काकू दोन वाक्यं बोलल्या. "आता खरं करायचं. तिने बघून जायला हवं." मोजे कपाटात गेले. माझ्यासाठीही एक रेनकोट आला. हीटर बंद, पंखा बंद, फोन बंद. मी श्वास तिकडे सोडून टॉर्च धरून उभी. वाफेतून डबा बाहेर काढला तेव्हा आम्ही कोपरा न्‌ कोपरा बघितला. डाग नव्हता. झाकणात काकूंचा चेहरा दिसत होता, चष्म्यासकट.

हायाशी बाईंच्या घरात खोकी बांधलेली. त्यांनी हात धुतले, अंगठी काढली, डोळे मिटले. या वेळी बोट फार सावकाश फिरलं. सगळीकडून फिरून परत आलं. मग डाव्या कोपऱ्यात थांबलं. मी स्वतः टॉर्चने बघितलेल्या कोपऱ्यात.

"डस्ट," हायाशी बाई म्हणाल्या.

काकू वाद घालायला पुढे सरकल्या. हायाशी बाईंनी डोळे उघडले, डबा कापडात नीट बांधला, काकूंच्या मांडीवर ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या.  त्यांनी नुसती मान हलवली.

 परतताना सिग्नलला काकूंनी सांगितलं, हायाशी बाई म्हणाल्या होत्या, पुन्हा घास आणि फ्रीमाँटला घेऊन ये. घाई करू नकोस, पण ये.

मग विचारलं, "कुठे होती गं धूळ?"

"होती, काकू. डाव्या कोपऱ्यात. मला दिसली होती."

"मग आधी बोलायला काय झालं होतं, गधडे?" असं म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांचं फ्रीमाँटचं विमानाचं तिकीट माझ्या पोरीने फोनवरून काढून दिलं.

हल्ली काकूंनी मलाही एक छोटा डबा दिलाय, नुसत्या लाकडाचा. मी अस्तरापर्यंत आलेय. काकू बोट फिरवतात आणि चुका काढतात. माझा हात बसायला अजून खूप अवकाश आहे. पण बसेल. आणि ज्या दिवशी माझं झाकण विहिरीच्या पाण्यासारखं उतरेल, त्या दिवशी, विजयाकाकू, मी माझ्या मोज्याचा एक बोंडा त्यावर सोडीन आणि मंगळवारी तुमच्याकडे घेऊन येईन.