अणुबाँबची आरास

मानवजात नष्ट कशी होते हे दाखवणारं प्रदर्शन कितीही उत्तम असलं तरी त्याला माणसं लागतात, आणि माणसांना यायला कारण लागतं. हे तत्त्व बंगळुरात प्रथम आमच्या भगिनी मंडळानं सिद्ध केलं, याचा मला या वयातही अभिमान आहे.

साल अठ्ठावन्न. तेव्हा बंगळूर थंड होतं आणि लोक सभ्य होते. अणुबाँबनं जपानात काय झालं, याची छायाचित्रं एका शांतता समितीनं गावोगाव फिरवायला काढली होती. बसवनगुडीतला हॉल त्यांना नेमका नवरात्रात मिळाला. समितीचे हयवदनराव कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, स्वभावानं सज्जन (म्हणूनच समितीत). पहिल्या दिवशी अकरा जण आले. त्यांतले चौघे पोस्ट ऑफिस शोधत होते.

बाकीचं गाव बाहुल्या बघत होतं. दसऱ्यात इथं घरोघरी पायऱ्या करून बाहुल्यांची आरास मांडतात. बघायला येईल तिला हळदकुंकू आणि द्रोणभर उसळ. आरास न बघता उसळ खाता येते. उसळ न देता आरास दाखवता येत नाही. हयवदनरावांनी आमच्या अध्यक्ष प्रमोदिनीबाईंकडं थोडी मदत मागितली. बाईंनी प्रदर्शनच हाती घेतलं.

दारात हळदकुंकू. आत पायऱ्या, त्यांवर धुतलेली चादर, चादरीवर छायाचित्रं, छायाचित्रांना झेंडूच्या माळा. बाजूला उसळ. चामराजपेटहून घोड्यांचे जटके भरभरून बायका आल्या.

एकच अडचण निघाली. चित्रं नीट बघितलेल्या बायका द्रोण तसाच ठेवून उठत. वाया जाणारं अन्न ही कुठल्याही संस्थेला शोभणारी गोष्ट नव्हे. सबब चित्रं टप्प्याटप्प्यानं पडद्यामागं, भांडी घासायच्या मोरीजवळ हलवण्यात आली आणि पायऱ्यांवर आम्ही घरच्या बाहुल्या मांडल्या. (त्यांत एक जपानी होती. त्यामुळं विषय सोडला असं कुणाला म्हणता येणार नाही.)

"अक्का, चित्रं कुठं गेली?" हयवदनरावांनी प्रमोदिनीबाईंना विचारलं.

"आहेत की. स्वल्प मागं सरकवली."

"मग लोक बघणार काय?"

"लोक येतायत ते बघा. तुमच्या वेळी कोण येत होतं? पोस्टाचं गिऱ्हाईक."

"सरी, बरं," ते म्हणाले. त्यांना उसळ वाढायला बसवण्यात आलं.

आमच्या शेजारच्या कृष्णाबाईंनाही प्रदर्शन बघायचं होतं. त्यांचा मुलगा गुंडू रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होता. युद्धात तिथं बाँब पडले, त्यांत गेला. तार आली, एवढंच. बाँब पडला की माणसाचं काय होतं, त्याला कळतं का, हे सतरा वर्षांत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण कृष्णाबाई विधवा. हळदकुंकवाच्या दारातून येणार कशा? मंडळाच्या नियमांत माणुसकीला वाव होता. मी त्यांना मागच्या दारानं आत घेतलं.

मागचं दार मोरीपाशी उघडत होतं. कृष्णाबाईंनी चित्रांपुढची पातेली बाजूला सारली आणि खाली बसून एकेक चित्र बघितलं. घाई केली नाही. हयवदनराव उसळीचं दुसरं पातेलं न्यायला आले ते तिथंच थांबले.

"हे सगळं एका बाँबनं?"

"एका."

"मग गुंडूवरचा लहान असणार."

"फार लहान, अम्मा."

"कळलंही नसेल त्याला."

हयवदनराव खोटं न बोलणारे म्हणून कारखान्यात अप्रिय होते. "नाही, अम्मा," ते म्हणाले. "काही कळलं नसेल." मग पातेलं उचलून ते पुढं वाढायला गेले.

मंडळाच्या अहवालात प्रेक्षकसंख्या तीन हजार आठशे अशी नोंदली आहे. ती द्रोणांवरून काढली होती. कृष्णाबाईंनी उसळ घेतली नाही, त्यामुळं त्या संख्येत नाहीत. समितीच्या मते इतकं यशस्वी प्रदर्शन दुसऱ्या कुठल्याही गावात झालं नाही.

ही हकिकत मी पुष्कळांना सांगितली. सगळे मंडळाला हसतात. तुम्हीही हसला असाल, त्यात गैर काही नाही. त्या चित्रांत काय होतं, ते मात्र मी वर एका शब्दानंही लिहिलेलं नाही, आणि इथवर येईपर्यंत तुमचं त्यावाचून काही अडलं नाही.