पोटात लागणारं गाणं

चाळीत कुठेही गाणं असलं, मग ते गणपतीतलं असो की कुणाच्या बारशातलं, दाजी परब गाणाऱ्याकडे पाठ करून बसायचे. लाउडस्पीकरच्या खोक्याला चक्क पाठ टेकून. डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर. गाणं संपलं की कोणी तरी समोर जाऊन विचारायचंच, "काय दाजी, कसं झालं?" दाजी डोळे उघडून विचारणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच होते. "पोटात लागला" किंवा "पोटात लागूक नाय."

एका गणपतीत आम्ही वर्गणी वाढवून एक नावाजलेल्या बाई गायला आणल्या. बाईंनी भैरवी अशी गायली की माझ्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. दाजींचा निकाल, "पोटात लागूक नाय." दुसऱ्या दिवशी विसर्जनाला भाड्याचा ढोल आला, बेताल, बडवणारा बहुधा प्यायलेला. दाजी ढोलाला खेटून मुलुंड स्टेशनपर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, "पोटात लागला." मी थक्क झालो. पण चाळीत थक्क होणारा मी एकटाच. बाकीच्यांना दाजींच्या बोलण्यात काही तरी खोल अर्थ दिसायचा.

दाजी मूळचे मालवणकडचे. सारा जन्म गिरणीत मागावर उभे राहून काढला आणि निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या खोलीत आले. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक गोष्ट मात्र आमच्या घरात नेहमी बोलली जायची. चाळीच्या भिंती अशा की शेजाऱ्याची उचकीसुद्धा ऐकू येते, पण परबांच्या खोलीतून नवरा-बायकोचा एक शब्द कधी आला नाही. भांडण नाही, हाक नाही, साधं "चहा टाक" नाही. वहिनी चुलीशी, दाजी दारात, सगळं चिडीचूप. माझ्या बायकोने निदान करून टाकलं होतं, "जन्माचा अबोला आहे बिचाऱ्यांचा."

अशात आमच्या चाळीतल्या पोरांनी बँड काढला. सुनील गाणार, त्याचे केस मानेवर आणि पँटचे पाय खाली फूटभर रुंद. शेजारच्या गावठाणातला त्याचा मित्र पास्कल ती चार तारांची जाड आवाजाची गिटार वाजवणार. त्याच्या सुतार मामाने त्याला कपाटाएवढा स्पीकरचा खोका बनवून दिला होता. मे महिन्यात अंधेरीच्या एका मैदानावर नव्या पोरांचा गाण्यांचा मेळा भरणार होता. नियम एकच, सिनेमाचं गाणं चालणार नाही, स्वतः रचलेलं हवं. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी जिन्याखाली तालीम करू लागली. माझी दुपारची झोप बरोबर त्या जिन्याच्या वर.

मी कानाचा हळवा माणूस आहे. घड्याळाची टिकटिकसुद्धा मला उशीखाली दाबून ठेवावी लागते. पास्कलची ती गिटार सुरू झाली की आमच्या फडताळातली पातेली एकमेकांवर आपटायची. मी दोनदा चाळकमिटीकडे तक्रार केली. कमिटीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच गिटार वाजवतो.

आणि या पोरांनी गुरू कोण करावा? दाजी. दाजी रोज पास्कलच्या खोक्याला पाठ लावून बसायचे. सुनीलने मन लावून एखादी हळवी ओळ घातली की दाजी म्हणायचे, "पोटात लागूक नाय." पोरं ती ओळ काढून टाकायची आणि तिथे पास्कलला आणखी वाजवायला सांगायची. महिनाभरात त्या गाण्यात शब्द चवीपुरते उरले. "दाजींना फालतू काही चालत नाही, काका," सुनील मला सांगायचा. "एकदम वरच्या लेव्हलचा कान आहे."

मेळ्याची ओढ पोरांपेक्षा दाजींनाच जास्त. त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला. नळावर, दुकानात, भेटेल त्याला सांगत सुटले, "मेळ्याक मी जातलंय." पास्कलला रोज एकच प्रश्न, "थंय खोके मोठे असतले मां रे?" पास्कल म्हणायचा, "दाजी, माणसाएवढे असणार." दाजींचा चेहरा असा फुलायचा, जणू लग्नाच्या पंक्तीत जिलबी येताना दिसावी.

एका दुपारी मी तक्रार करायलाच खाली उतरलो आणि तेवढ्यात फ्यूज उडाला. पास्कलची गिटार बंद पडली. सुनील मात्र थांबला नाही. नुसत्या गळ्याने गात राहिला, आणि खरं सांगतो, पोरगं गोड गात होतं. मीसुद्धा जिन्यावर थांबलो. खोक्याला टेकलेल्या दाजींनी डोळे मिटलेलेच ठेवून पोट चाचपलं आणि ते उठले. "संपला? चला," म्हणाले आणि चपला शोधू लागले.

पोरं हसली. त्यांना वाटलं, हाही निकालच. मी दाजींच्या पाठीमागे होतो. म्हटलं, "दाजी, अहो गाणं चालू आहे." दाजी चपला शोधत राहिले. मी मोठ्याने म्हटलं, "दाजी, तुमच्या पायाशी विंचू आहे." दाजींनी शांतपणे एक चप्पल पायात घातली.

दाजी परब ठार बहिरे होते. समोरून बोललेलं ओठांवरून वाचत होते आणि आम्ही त्यांना चाळीचा कान समजत होतो. दोन पोरांनी आपलं सगळं गाणं एका बहिऱ्या माणसाच्या सांगण्यावरून घडवलं होतं.

मी तडक परबांच्या दारात गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना समजलं असावं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक, चिमणीच्या चिवचिवीसारखा.

"भावजी, पोरांका सांगू नकात हां," त्या म्हणाल्या. "ह्येंचे कान गिरणीत गेले. आमचा लगीन होवच्या आधीच. मागांच्या खडखडाटात कोणाक कोणाचा आयकाक येयना, सगळीच ओठांनी बोलत. मीय गिरणीत होतंय, माकाय येता."

"म्हणजे तुम्ही बोलता एकमेकांशी?"

"बोलतंव म्हणजे? दिवसभर तोंड बंद नसता ह्येंचा," वहिनी हसल्या. मग हातातलं सूप खाली ठेवलं. "पोरांनी तो जाडो आवाज काढल्यानी ना, त्या दिवशी हे धावत घरात इले. माका म्हणाले, गो, ढोलासारखो नुसतो दणको नाय, आवाज इलो. इतक्या वर्सांनी, भावजी. आता मेळ्यात मोठे खोके असतले म्हणान सदरो शिवून घेतल्यानी. बहिरो म्हणान कळला तर पोरां न्हेतली काय त्यांका?"

घरी आलो तर बायको म्हणाली, "तक्रार केलीत का?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. मला फार वाईट वाटत होतं.

मेळ्याला थोडे दिवस उरले असताना पोरं तोंड पाडून माझ्याच दारात उभी. "काका, वाट लागली," सुनील म्हणाला. "मेळ्याचा माणूस तालीम बघायला आलेला. म्हणतो, जाड आवाज खूप आहे, कमी करा, शब्द ऐकू येत नाहीत. दाजी घरी नाहीत. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा."

तो माणूस शंभर टक्के बरोबर होता. आणि माझ्या तोंडून शब्द आले, "वाढवा."

"काय?"

"तो जाड आवाज. आणखी वाढवा."

पास्कल माझ्या कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. "काका, बरं वाटत नाही काय? तुमची पातेली हलतात ना?"

"हलू देत पातेली," मी म्हटलं. आतून बायकोच्या हातून काही तरी पडल्याचा आवाज आला.

मेळ्याला चाळीतून लॉरी निघाली. मैदानावर ही गर्दी, निम्म्यांना केस बघून मुलगा म्हणावं की मुलगी ते कळेना. स्टेजच्या दोन्ही बाजूंना खोके खरंच माणसाएवढे होते. नव्या सदऱ्यातले दाजी थेट एका खोक्याशी गेले आणि पाठ टेकून बसले. एक स्वयंसेवक त्यांना उठवायला गेला, दाजींनी त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

उन्हं कलल्यावर आमची पोरं स्टेजवर आली. पास्कलने पहिला फटका मारला आणि माझ्या छातीत काही तरी जागचं हललं. मी कानात बोटं घातली. बायको माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होती, मला ओ की ठो कळत नव्हतं. एवढ्या मैदानात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, सगळे नुसते हातवारे करत होते.

आणि त्या गदारोळात दोन माणसं निवांत गप्पा मारत होती. दाजी तिकडे खोक्यापाशी, वहिनी इकडे आमच्या सतरंजीवर. ओठ हलत होते, बोटं हलत होती, मधेच वहिनी हसत होत्या, मान वळवून लटक्या रागाने तोंड फिरवत होत्या. माझी बायको त्यांच्याकडे आ वासून बघत राहिली. जन्माचा अबोला तिच्या डोळ्यांसमोर घडाघडा बोलत होता.

तेवढ्यात दाजींनी तिकडून काही तरी विचारलं आणि वहिनींचं हसू थांबलं. मग त्यांनी हळूच ओठ हलवले.

मला राहवलं नाही. आवाज न काढता मी नुसते ओठ हलवले, "काय म्हणतात?"

वहिनी माझ्या कानाजवळ वाकल्या. तो चिमणीचा आवाज त्या धडधडीत कसाबसा माझ्यापर्यंत पोचला.

"इचारतत, तुझो आवाज असोच काय गो?"

पास्कल खोका फोडायच्या बेतात होता.

"मग काय सांगितलंत?"

"होय म्हटलंय," वहिनी म्हणाल्या आणि पदर सारखा करून समोर बघू लागल्या.

तिकडे दाजींनी डोळे मिटले होते. दोन्ही हात पोटावर होते.