दुसऱ्या मेंदूचं बारसं

विसरणे हा मानवी मेंदूचा जन्मजात दोष असून तो दूर करणे हे प्रत्येक सुशिक्षित नागरिकाचे कर्तव्य आहे. अडाणी माणसे पदराला गाठ मारून भागवतात. (गाठीला बॅकअप नसतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.)

जालन्याच्या एका बियाणे कंपनीत नोकरी करणाऱ्या स्वानंदला हा दोष कळला तो स्वतःच्याच लग्नात. त्या दिवशी झाडून सगळ्यांना फेटे बांधले गेले, बँडवाल्यालासुद्धा, आणि थोरल्या बहिणीच्या, गंधालीताईच्या नवऱ्याला, म्हणजे खुद्द दाजींना, बांधायचा राहिला. फोटोत दाजी बोडक्या डोक्यानं उभे आहेत. गंधालीताईनं वाढलेलं ताट बाजूला सारलं, बदनापूरचं घर गाठलं, आणि भावाशी अबोला धरला.

एखादा साधा भाऊ दुसऱ्या दिवशी फेटा काखोटीला मारून बदनापूरला गेला असता, चार शिव्या अन् दोन पोळ्या खाऊन परत आला असता. स्वानंद असला उथळ माणूस नव्हता. तो मुळाशी गेला. प्रश्न फेट्याचा नव्हताच मुळी, प्रश्न माहितीच्या व्यवस्थापनाचा होता! त्यानं मोबाइलवर ‘दुसरा मेंदू’ उभारायला घेतला.

दुसरा मेंदू ही फार थोर सोय आहे. जे दिसेल, सुचेल ते टिपायचं, टिपणाला खूणचिठ्ठी लावायची, एका टिपणाचा धागा दुसऱ्याला जोडायचा आणि दर रविवारी सगळ्याचा आढावा घ्यायचा. (बदनापूरला जायला सुट्टीही रविवारचीच असते, हा निव्वळ योगायोग.) बघता बघता त्यात ‘मानपान’ असा विभाग झाला, त्यात ‘फेटे’ हा उपविभाग, त्यात रंग, कापड आणि इतिहास. एकूण टिपणांपैकी ऐंशी टक्के टिपणं ‘टिपणं कशी ठेवावीत’ या विषयावरची होती. उरलेल्या वीस टक्क्यांचं वर्गीकरण चालू होतं.

अशात अरुंधतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुलगी झाली. बारसं ठरलं. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. यांच्या घरात तर नाव आत्यानंच काढायचं आणि कानात सांगेपर्यंत कुणापुढं उच्चारायचं नाही, असा रिवाज. आईला बदनापूरहून गंधालीताईचा निरोप आला.

“नाव मी काढून ठेवलंय. पण स्वानंदनं माझ्या उंबऱ्यावर येऊन बोलवायचं. फोन नको, मेसेज नको. अन् तू मधी पडायचं न्हाई, आई.”

आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. “जल्दी जा रे बाबा, उद्याच जा. बदनापूर काय काशीला हाय का?”

“अन् फेटा न्या,” अरुंधती बाजेवरून म्हणाली.

वडीलधाऱ्यांचं आणि बायकोचं न ऐकणारे नवरे पुष्कळ असतात. स्वानंद त्यातला नव्हे. त्यानं दोन्ही सूचना जागच्या जागी टिपल्या.

‘ताई : नाते-पुनर्स्थापना’ हे टिपण म्हणजे त्याच्या कारकिर्दीचा कळस होता. त्याला दाजींचा स्वभाव, रेल्वेचं वेळापत्रक, फेट्यांची दुकानं असे धागे जोडले होते. माफीचे तीन मसुदे होते : थोडक्यात, सविस्तर आणि डोळ्यांत पाणी असलेला. रविवारी निघायचं ठरलं. पण सकाळीच त्याला समजलं की आपलं ॲप जुनं झालंय, आता शहाणी माणसं दुसरंच वापरून राह्यलीत. सगळा मेंदू तिकडं हलवण्यात तो रविवार गेला. हलवताना खूणचिठ्ठ्या गळल्या, त्या लावण्यात पुढचा गेला. नव्या ॲपात एक चांगली सोय होती. टिपण सर्वांगानं पूर्ण झालं की त्यावर हिरवी खूण उमटायची. ताईवर उमटली.

“ताईचं झालं का रे?” आईनं विचारलं.

स्वानंदनं मोबाइल पाहिला. “झालं.” यात काडीचं खोटं नव्हतं. खूण हिरवीगार होती.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, गल्लीतल्या बायका जमल्या. “आत्या कुठाय?” कुणीतरी विचारलं. सगळ्यांनी आईकडं पाहिलं, आईनं स्वानंदकडं, स्वानंदनं मोबाइलकडं. त्यानं ‘ताई’ शोधलं. टिपण एका क्षणात सापडलं. (जुन्या मेंदूला हे कधीच जमलं नसतं.) पत्ता होता, गाडीची वेळ होती, माफी होती. गेलेलं मात्र कुणी नव्हतं.

त्यानं घाईघाईनं फोन लावला.

“फोन नको म्हणले होते ना मी?” गंधालीताई म्हणाली. पाठोपाठ तिचा आवाजच फुटला. “सकाळपासून पैठणी नेसून दारात बसलेय रे. म्हणलं, शेवटच्या घटकेला तरी येशील.”

“ताई, आत्ता निघतो. बायकांना थांबवतो.”

“नको. आता तू बायका जमल्यात म्हणून येणार, माझ्यासाठी न्हाई. उरकून घे तुझं तू. अन् हे पण लिहून ठेव.”

फोन बंद झाला. नाव बदनापुरातच राहिलं. बायकांनी रिकामाच पाळणा हलवल्यासारखी दोन गाणी म्हटली, घुगऱ्या घेतल्या आणि घरी गेल्या. आई देवघरापुढं बसून रडत राहिली. पोरीला सगळे अजून ‘बाळी’ म्हणतात. स्वानंदनं तिचं टिपण त्याच दिवशी उघडलं, पण नाव न घातल्यामुळं ॲपनं वर आपल्या मनानंच लिहिलं : ‘शीर्षक नाही’.

वाचकहो, स्वानंदला तुम्ही मनसोक्त हसला असाल. मधेच तुम्हाला एक माणूसही आठवला असेल, ज्याच्या दारात तुम्ही कधीचे जाणार आहात. घाई करू नका. आधी या पानाचा फोटो काढून घ्या, म्हणजे तेही काम झालं.