टिकटिक नसलेली दुपार

न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत घड्याळजींनी एक जुनं मासिक चाळलं आणि तिथूनच सगळं बिघडलं. मोठ्या परीक्षेत मुलांचे मार्क कशावर ठरतात, असा लेख होता. पोटभर जेवण, गाढ झोप, घरात शांतता. पुढचा मुद्दा आई-वडिलांनी घाबरून न जाण्याचा होता. (तेवढ्यात त्यांचा नंबर लागला.)

लेकीची परीक्षा दुपारी तीनला. कॉलेज मिळणार की नाही, ते त्यावरच ठरणार. "जेवून तासभर झोप," असं फर्मान काढून घड्याळजींनी घरातली झाडून सगळी घड्याळं थांबवली. घर हेच दुकान, त्यामुळे दुरुस्तीला आलेलीही. (त्यांच्या हातची घड्याळं जरा रमतगमत चालतात, अशी गिऱ्हाइकांची तक्रार असे.) एकेक लंबक बोटानं धरताना पाखरं निजवतोय असं त्यांना वाटलं.

"अहो, मग वेळ कशी कळणार?" बायकोनं विचारलं.

"जन्म गेला या धंद्यात. वेळ अंगात भिनलीय माझ्या!"

घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं. पडद्याआडचं पिवळं ऊन फरशीवर पसरलं. घड्याळजी खुर्चीत पहाऱ्याला बसले आणि हळूहळू लंबकांचे मासे होऊन खोलीभर पोहू लागले.

लेक मात्र टक्क जागी. पाळण्यापासून टिकटिकीत झोपलेली पोर ती! "आई, कसंतरीच होतंय गं. घरातलं कुणी निघून गेल्यासारखं."

"मलाही. तुझे बाबा तेवढे घोरतायत बघ."

मधे एकदा घड्याळजींनी डोळे किलकिले केले. भिंतभर घड्याळांत सव्वा वाजला होता. 'बराच वेळ आहे,' म्हणून ते समाधानानं पुन्हा माशांत गेले.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. समोर लेक उभी. तरी घड्याळांत सव्वाच!

"अगं, पेपर!" ते ताडकन उठले.

"देऊन आले, बाबा. आईनं शेजारी वेळ विचारली."

"झोप न घेताच? मग?"

"आधी धडधडत होतं. पण हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. एकदम घरी बसल्यासारखं वाटलं. ऐकताच ओळखलं, तुम्ही दुरुस्त केलेलं."

घड्याळजींचा ऊर भरून आला. "नुसत्या चालीवरून?"

"हो ना! म्हणून दहा मिनिटं आधीच पेपर संपवला. बाकीचे बिचारे त्या घड्याळावर विसंबले होते."