सगळ्यांच्या चुकांची एकच पिशवी

छातीठोकपणे सांगतो, चुका पकडण्यात माझा हात धरणारा आमच्या ऑफिसात कोणी नाही! म्हणून तर गावातल्या शाळेच्या बालवर्ग प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मचा प्रोग्रॅम लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. आमच्या शेंडेफळालाही त्याच शाळेत घालायचं होतं. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाचला फॉर्म आपोआप बंद, मग थेट पुढच्या वर्षी या!

पहिले काही दिवस पालकांनी नुसता ठणाणा केला. प्रोग्रॅमला पहिली चूक सापडली की तो तिथंच थांबायचा. फोटो नाही म्हणून अडवायचा. फोटो लावला की पत्ता अपुरा, पत्ता भरला की आईची सही राहिली!

"काय ते एकदाच सांगायला काय होतं त्याला?" साहेब कडाडले.

"एवढंच ना? उद्या दुपारपर्यंत करतो!"

केलंही. प्रोग्रॅमला सांगितलं, बाबा रे, चूक दिसली की थांबू नकोस. ती एका पिशवीत टाक आणि पुढे चल. शेवटी पिशवी उघडून सगळ्या चुका दाखव, आणि पिशवी रिकामी असेल तरच फॉर्म घे. स्वतः एक नमुन्याचा फॉर्म भरून पाहिला. झकास! शुक्रवारी दुपारी तीनला चालू केलं आणि ऐटीत चहा प्यायला गेलो.

चार वाजता फोन सुरू झाले.

"माझ्या मुलीचं वय सत्तावन्न कसं? माझं स्वतःचं चौतीस आहे!"

"जुळ्या भावाचा दाखला जोडा म्हणतोय. अहो, जुळा भाऊ आणू कुठून?"

तिसरा फोन बायकोचा. "अहो, आपल्या फॉर्ममध्ये एकशे बारा चुका आहेत!"

"काहीतरीच काय! काल रात्री मी स्वतः भरून ठेवलाय तो."

"इथे लिहिलंय, वडील हयात असल्यास त्यांची सही जोडावी. तुम्ही आहात ना?"

"सध्या तरी आहे!"

फोन ठेवला आणि प्रोग्रॅम उघडून पाहिला. प्रत्येक फॉर्मला वेगळी पिशवी द्यायची सोडून मी सगळ्या गावात मिळून एकच पिशवी टांगली होती! ज्याची त्याची चूक त्याच पिशवीत. ती रिकामी होणार कधी आणि फॉर्म आत जाणार कधी? त्यात बिचारे पालक दुसऱ्यांच्या चुका आपल्याच समजून निस्तरत सुटले. चांगले बरोबर असलेले पत्ते बदलले, पोरांची वयं वाढवली, आणि या नव्या चुकाही पिशवीत! साडेचारला आकडा चार हजारांवर गेला.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "तीनपासून किती फॉर्म गेले?"

"एकही नाही, साहेब."

ते घड्याळाकडे बघून निघून गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला तर रडूच यायला लागलं. पोरीचं अख्खं वर्ष वाया जाणार, आणि तेही बापाच्या कर्तबगारीनं!

प्रत्येक फॉर्मला वेगळी पिशवी देणारी दुरुस्ती चार अठ्ठावन्नला चढवली. बाकीच्यांचे फॉर्म सटासट आत जायला लागले. मी घरी फोन लावला.

"दाब बटण!"

"दाबलं. आता एकच चूक दाखवतोय."

"कोणाची?"

"आपलीच. जन्मतारखेप्रमाणे मुलगी बारा वर्षांची होते म्हणे. ही तारीख कोणी भरली?"

"मी."

"अहो, ही आपल्या लग्नाची तारीख आहे!" तिनं तारीख पुन्हा वाचली. "आणि तीही एका दिवसानं चुकलीय."

एका रकान्यात दोन चुका! तिनं खरी तारीख टाकली आणि बटण दाबलं.

"मुदत संपली आहे, असं म्हणतोय," ती म्हणाली.

घड्याळात पाच वाजले होते. पाचच्या ठोक्याला फॉर्म बंद करणारा तुकडाही मीच लिहिला होता. अख्ख्या प्रोग्रॅममध्ये तेवढाच काय तो बिनचूक चालला!